शाळेत धर्म शिकवता येतो का? कायदा, इतिहास आणि पहिली ते बारावीचा अभ्यास

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि आठवड्याभरात एखाद्या ग्रुपवर व्हिडिओ येतो. कुठल्यातरी शाळेत मुलं रांगेत उभी राहून श्लोक म्हणतायत, कुठे येशूच्या जन्माचं नाटक चाललंय, कुठे ईदच्या निमित्ताने नमाज कसा पढतात ते दाखवलं जातंय. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. कुणी म्हणतं, 'शाळेत धर्म नकोच.' कुणी म्हणतं, 'संस्कार शाळेत नाही तर कुठे?' आणि कुणीतरी ठामपणे लिहून जातं, 'हे संविधानाच्या विरोधात आहे.'

खरंच आहे का? उत्तर शाळा कुठली, तिथे नेमकं काय शिकवलं जातं आणि पालकांना विचारलं होतं का, या तीन गोष्टींवर अवलंबून आहे. या लेखात या तिन्ही गोष्टी समजून घेऊ. शिवाय पहिलीपासून बारावीपर्यंत कोणत्या वयात मुलांना धर्मांविषयी काय आणि कसं सांगता येतं, तेही पाहू.

थोडक्यात

• पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेश करता येत नाही.
• अनुदानित किंवा मान्यताप्राप्त खासगी शाळेत तो करता येतो, पण कोणत्याही मुलावर सक्ती करता येत नाही. त्यासाठी पालकांची संमती लागते.
• वेगवेगळ्या धर्मांचा अभ्यास, त्यांचा इतिहास, त्यांची ओळख याला कुठल्याच शाळेत बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

एकच शब्द, दोन अर्थ

या विषयावरचे अर्धे वाद एका शब्दामुळे होतात. मराठीत आपण 'धार्मिक शिक्षण' म्हणतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतो.

पहिली गोष्ट म्हणजे धर्मोपदेश. मुलाने एखाद्या धर्माचा अनुयायी व्हावं किंवा त्यावरची त्याची श्रद्धा पक्की व्हावी यासाठी दिलेली शिकवण. अमुक ग्रंथ ईश्वरी आहे, अमुक मार्गानेच मुक्ती मिळते, अमुक विधी केलाच पाहिजे, अशी तिची भाषा असते. मंदिरातला बालसंस्कार वर्ग, मशिदीतला मकतब, चर्चमधला धर्मशिक्षणाचा तास, विहारातली धम्मवंदना यांचं काम हेच असतं आणि ते तिथे योग्यच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे धर्मांचा अभ्यास. बुद्धाने कोणत्या प्रश्नांची उत्तरं शोधली, वारकरी पंढरपूरला पायी का जातात, मोहरमला काय घडलं होतं, शीख लंगर का चालवतात, पारशी अग्यारीत काय असतं. इथे शिक्षक 'बौद्ध असं मानतात', 'मुस्लिम असं मानतात', 'हिंदूंमध्ये असे वेगवेगळे पंथ आहेत' असं सांगतो. काय मानावं ते सांगत नाही.

वाक्याचा कर्ता बदलला की अर्थ कसा बदलतो ते पाहा. 'देवाने जग निर्माण केलं' हा उपदेश झाला. 'अनेक धर्मांत असं मानतात की जग देवाने निर्माण केलं, बौद्ध आणि जैन परंपरांत मात्र जगाचा निर्माता मानत नाहीत' ही माहिती झाली.

संविधान काय सांगतं?

भारतीय संविधानाचं कलम २८ याच विषयावर आहे. त्याचे तीन भाग आहेत.

१. पूर्णपणे राज्याच्या पैशातून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मोपदेश देता येणार नाही. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळा, केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं आणि शासकीय आश्रमशाळा अशा सरकारी शाळांना हा नियम लागू होतो.

२. याला एक अपवाद आहे. एखादी संस्था धर्मादाय निधी किंवा न्यासातून स्थापन झाली असेल, त्या न्यासाची अटच धार्मिक शिकवण द्यावी अशी असेल आणि राज्य फक्त तिचा कारभार पाहत असेल, तर तिला पहिला नियम लागू होत नाही.

३. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याकडून अनुदान घेणाऱ्या संस्थेत धर्मोपदेश किंवा उपासना होत असेल, तर तिथे शिकणाऱ्या व्यक्तीला त्यात भाग घ्यायला लावता येणार नाही. तिची संमती असेल तरच. ती अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य पालकांच्या दृष्टीने तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण राज्यातल्या माध्यमिक शाळांचा मोठा भाग खासगी संस्थांचा आहे. कुठे गावातल्या शिक्षण प्रसारक मंडळाची शाळा, कुठे मिशनची, कुठे उर्दू माध्यमाची, कुठे एखाद्या मठाने चालवलेली. अशा संस्थांना धार्मिक शिकवण देण्याची मुभा आहे, फक्त ती लादता येत नाही.

इथला एक बारकावा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कलमाची भाषा 'पालकांनी नकार दिला तर मुलाला सूट द्या' अशी नाही. 'पालकांनी संमती दिली असेल तरच' अशी आहे. म्हणजे आधी विचारण्याची जबाबदारी शाळेची आहे. पालक गप्प राहिले याचा अर्थ त्यांनी होकार दिला असा होत नाही.

अल्पसंख्याक समाजांना कलम ३० नुसार आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. पण ती शाळा मान्यताप्राप्त किंवा अनुदानित असेल, तर कलम २८ चा तिसरा भाग तिलाही लागू होतो. म्हणूनच अनेक कॉन्व्हेंट शाळांत कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो, तेव्हा बाकीची मुलं नीतिशिक्षणाच्या तासाला बसतात.

मदरसे आणि वेदपाठशाळा यांचं काय? मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या अशा संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यातच तसं लिहिलं आहे.

मुंबईतला एक मुलगा आणि १८४३ सालचा खटला

पालकांच्या संमतीचा प्रश्न संविधानसभेत पहिल्यांदा आला असं नाही. मुंबईने तो शंभर वर्षं आधी अनुभवला होता.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत आधुनिक शिक्षण सुरू झालं त्यात ख्रिस्ती मिशनच्या शाळांचा मोठा वाटा होता. इंग्रजी, गणित आणि भूगोलासोबत तिथे बायबलही शिकवलं जाई. १८३९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि शहरात खळबळ माजली. पारशी समाज न्यायालयात गेला, अनेक पालकांनी मुलांना शाळेतून काढून घेतलं.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा सुमारे १२ वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्याबरोबर मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. मुलगा अल्पवयीन असल्याने न्यायालयाने तो वडिलांच्या स्वाधीन केला. पण गोष्ट तिथे संपली नाही. मिशनऱ्यांच्या घरी जेवल्यामुळे श्रीपत 'बाटला' होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातनी मंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

या प्रकरणात आजच्या वादाचे सगळे धागे आहेत. चांगलं शिक्षण देणारी शाळा, तिचा धार्मिक हेतू, पालकांची भीती, समाजाचा हट्ट. आणि या सगळ्यांच्या मध्ये बारा वर्षांचा एक मुलगा, ज्याला स्वतःला काय वाटतं हे फारसं कुणी विचारत नव्हतं.

पुढे १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने सरकारी शाळांत शिक्षण धर्मनिरपेक्ष असावं आणि खासगी शाळांना अनुदान देताना तिथल्या धार्मिक शिकवणीकडे पाहू नये, असं धोरण आखलं. सरकारी आणि अनुदानित शाळांना वेगवेगळे नियम ही आजची रचना त्याच वळणाची आहे.

७ डिसेंबर १९४८: आंबेडकर काय म्हणाले?

संविधानसभेत हे कलम मसुद्यातलं कलम २२ म्हणून चर्चेला आलं. त्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. काहींना बंदी अपुरी वाटत होती, काहींना ती जाचक वाटत होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना सरकारी शाळांतल्या बंदीमागची कारणं मांडली. एक, सगळ्यांच्या करातून आलेला पैसा एका धर्माच्या प्रसारासाठी वापरता येणार नाही, हे तत्त्व संविधानात वेगळं मान्य होत होतं (आजचं कलम २७). दोन, या देशात इतके धर्म आणि पंथ आहेत की सरकारी शाळेने सगळ्यांच्या शिकवणीची सोय करणं शक्य नाही, आणि काहींचीच केली तर तो भेदभाव होईल. तीन, आपलाच मार्ग खरा असं वेगवेगळे धर्म सांगतात. ते परस्परविरोधी दावे वर्गात आणले तर शाळेची शांतता राहणार नाही.

मग संस्कृत पाठशाळांचं काय, असा प्रश्न सभागृहात आला. तेव्हा आंबेडकरांनी फरक स्पष्ट केला. धर्मोपदेश म्हणजे धर्माचे सिद्धान्त श्रद्धेने मानायला शिकवणं. धर्माचा अभ्यास किंवा संशोधन ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यावर बंदी आहे, दुसऱ्यावर नाही. पुढच्या महत्त्वाच्या निकालांतही हाच फरक पुन्हा पुन्हा दिसतो.

न्यायालयांचे महत्त्वाचे निकाल

१९७१, डी.ए.व्ही. कॉलेज खटला. पंजाबमधल्या गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यात गुरू नानकांचं जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यासाची तरतूद होती. तिला आव्हान दिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एखाद्या संतपुरुषाच्या जीवनाचा आणि विचारांचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धर्मोपदेश होत नाही.

१९८६, बिजो इमॅन्युएल खटला. केरळमध्ये यहोवाचे साक्षीदार पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. शांतपणे उभं राहणं हा अनादर नाही आणि त्यांच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा मान राखला पाहिजे, असा त्याचा आशय होता.

२००२, अरुणा रॉय खटला. २००० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सर्व धर्मांची मूलतत्त्वं मुलांना सांगावीत, असा भाग होता. तो संविधानाविरुद्ध आहे असं याचिकाकर्त्यांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने आराखडा वैध ठरवला. कर्मकांड आणि एका पंथाची शिकवण देण्यावर बंदी आहे, पण धर्मांविषयी तुलनात्मक ज्ञान देण्यावर नाही, हे या निकालाचं सार.

२०१३, मुंबई उच्च न्यायालय. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी एक शिक्षक हात जोडत नव्हते, म्हणून त्यांचे सेवेतले लाभ अडले होते. न्यायालयाने सांगितलं की अशी सक्ती करता येणार नाही.

२०१९, केंद्रीय विद्यालयांची प्रार्थना. या शाळांतल्या सकाळच्या संस्कृत प्रार्थनेला आव्हान देणारी याचिका २०१७ मध्ये दाखल झाली होती. तिचा काही भाग बृहदारण्यक उपनिषदातला आहे. उपनिषदातलं वाक्य आलं म्हणजे ती उपासना होते, की ते सगळ्यांचं सांस्कृतिक संचित मानायचं? दोन न्यायाधीशांच्या पीठाने जानेवारी २०१९ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असं म्हटलं.

आयोगांनी इयत्तेनुसार काय सुचवलं?

स्वातंत्र्यानंतर सरकारने नेमलेल्या जवळपास प्रत्येक मोठ्या आयोगाने या विषयावर मत दिलं. 'धर्माबद्दल शाळेत काहीच बोलू नये' असं त्यांनी म्हटलं नाही.

राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) महाविद्यालयांसाठी पायऱ्या सुचवल्या. दिवसाची सुरुवात काही मिनिटांच्या मौनाने, पहिल्या वर्षी थोर धर्मपुरुषांची चरित्रं, दुसऱ्या वर्षी वेगवेगळ्या धर्मग्रंथांतले सर्वांना पटतील असे निवडक भाग, तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मूळ प्रश्न.

१९५९ मध्ये मुंबई राज्याचे तेव्हाचे राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने प्राथमिक वर्गांत गाणी, थोरांच्या गोष्टी आणि सेवेची सवय, तर माध्यमिक वर्गांत जगातल्या मोठ्या धर्मांच्या मूळ शिकवणीची ओळख, असा क्रम सांगितला.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'धर्माचं शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचं शिक्षण' असा फरक करून दुसऱ्याची शिफारस केली. अनेक धर्मांच्या लोकशाही देशात सगळ्या धर्मांचा सहिष्णू अभ्यास हा नागरिकत्वाच्या शिक्षणाचा भाग असावा, असं आयोगाचं म्हणणं होतं.

महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने १९९९ मध्ये मूल्यशिक्षणावर अहवाल दिला. सत्य, सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्यं तिने पायाभूत मानली. अरुणा रॉय खटल्यात याच अहवालाची मोठी चर्चा झाली.

इतक्या शिफारशी झाल्या, पण 'धर्मांची ओळख' हा स्वतंत्र विषय देशात कुठेही सर्वत्र रुजला नाही. त्याचे तुकडे भाषा, इतिहास, नागरिकशास्त्र आणि परिपाठ यांत वाटले गेले.

आज मुलांना काय मिळतं?

महाराष्ट्रातल्या शाळेत धर्म तीन वाटांनी येतो.

पहिली वाट परिपाठाची. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बोधकथा, दिनविशेष. राज्याच्या मूल्यशिक्षणातल्या दहा मूल्यांत सर्वधर्मसहिष्णुता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन्ही शेजारीशेजारी आहेत.

दुसरी वाट पाठ्यपुस्तकांची. बालभारतीच्या २०१६ च्या सहावीच्या इतिहासात 'प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाह' हा पाठ आहे. त्यात जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम आणि पारशी धर्मांची थोडक्यात ओळख आहे. २०१७ च्या सातवीच्या पुस्तकात 'धार्मिक समन्वय' हा पाठ भक्ती चळवळ, महानुभाव पंथ, गुरू नानक आणि सूफी पंथावर आहे. सातवीच्याच नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क येतात. शिवाय मराठीच्या पुस्तकांत पहिल्यापासून संतवाणी असतेच. ही पुस्तकं आता टप्प्याटप्प्याने बदलत आहेत.

तिसरी वाट सण-उत्सवांची. ही सगळ्यात ठळक असते, आणि सगळ्यात कमी विचार केलेलीही.

अधूनमधून चौथी वाट काढायचा प्रयत्न होतो आणि वाद पेटतो. गुजरातने २०२२ मध्ये सहावी ते बारावीत भगवद्गीतेचा समावेश करण्याची घोषणा केली. महाराष्ट्रात २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीता आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराचा उल्लेख आला आणि त्यावर उलटसुलट चर्चा झाली. अशा वेळी 'गीता हवी की नको' या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. ती साहित्य आणि विचार म्हणून वाचायची आहे की श्रद्धेचा पाठ म्हणून म्हणायची आहे, तिच्यासोबत आणखी काय वाचलं जाणार आहे आणि ज्याला म्हणायची नाही त्या मुलाचं काय होणार, हे विचारावं लागतं.

कोणत्या वयात काय?

खालची मांडणी आयोगांच्या शिफारशी आणि वर्गात सहज जमणाऱ्या गोष्टी यांवर बेतलेली आहे.

पहिली-दुसरी: शेजार आणि सण

या वयातल्या मुलाला 'धर्म' हा शब्द कळत नाही, पण शिरखुर्मा, करंजी, केक आणि लंगरचा प्रसाद कळतो. वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरी सण कसा होतो ते सांगावं, एवढं पुरेसं असतं. एक काळजी मात्र घ्यायची. वर्गात एकच मूल वेगळ्या धर्माचं असेल तर त्याला 'तुमच्यात काय करतात सांग' म्हणून सगळ्यांसमोर उभं करू नये. सगळ्यांना विचारावं, त्यात त्यालाही.

तिसरी ते पाचवी: जागा आणि माणसं

आता मुलं परिसर अभ्यास करतात. गावातलं देऊळ, मशीद, विहार, चर्च, गुरुद्वारा, दर्गा बाहेरून-आतून पाहता येतात. तिथे चपला का काढतात, डोकं का झाकतात, घंटा किंवा अजान कशासाठी, असे साधे प्रश्न. सोबत माणसांच्या गोष्टी: चोखामेळा, जनाबाई, गाडगेबाबा आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद, जे मुस्लिम घरात जन्मून मराठी संतपरंपरेत मान्यता पावले. भेट देणं आणि पूजेत भाग घेणं यातला फरक शिक्षकाने आधीच सांगावा आणि भेटीसाठी पालकांची चिठ्ठी घ्यावी.

सहावी ते आठवी: का आणि कधी

या वयात मुलं 'कशावरून?' विचारू लागतात. धर्म कसे जन्मले, कोणत्या परिस्थितीत वाढले, एका धर्मात पंथ का पडले, हे इतिहासाच्या तासाला नीट घेता येतं. धर्माच्या नावाने माणसाला दूर ठेवणारी प्रथाही इथेच समजावी लागते. महाडचा सत्याग्रह १९२७ चा आणि काळाराम मंदिराचा १९३० चा. हे धडे सर्वधर्मसमभावाच्या गोड गोष्टींत गाळून टाकले, तर मुलांना अर्धाच धर्म कळतो.

नववी-दहावी: धर्म, हक्क आणि सुधारणा

कलम २५ ते २८ हे याच वयात वाचावेत. श्रद्धेचं स्वातंत्र्य कुठवर, राज्य कुठे हस्तक्षेप करू शकतं, वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य का आहे. महाराष्ट्राकडे यासाठी भरपूर साहित्य आहे. महात्मा फुल्यांचा सार्वजनिक सत्यधर्म, ऑक्सफर्डला जाऊन तुलनात्मक धर्मशास्त्राचा अभ्यास करून आलेले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे, १९५६ चं धम्मचक्र प्रवर्तन. धर्म न मानणाऱ्यांचा विचारही इथे यायला हवा. नास्तिक असणं हासुद्धा एक मार्ग आहे आणि संविधान त्यालाही संरक्षण देतं.

अकरावी-बारावी: मूळ ग्रंथ आणि कठीण प्रश्न

आता निवडक मूळ लेखन वाचता येतं. मराठीत त्यासाठी दूर जावं लागत नाही. विनोबांनी गीताई लिहिली, तसंच कुराण सार आणि ख्रिस्तधर्म सारही केलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ चं ख्रिस्तपुराण तर मराठीतच लिहिलेलं आहे. साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' आहे. जगात दुःख का आहे, नीतीसाठी देव लागतो का, असे प्रश्न या मुलांना पडतातच. वर्गात उत्तर मिळालं नाही तरी चालेल, ते विचारायची जागा मिळाली पाहिजे.

शिक्षकाची खरी अडचण

कागदावर हे सोपं दिसतं. पण शिक्षक स्वतःही कुठल्यातरी घरात वाढलेला असतो. स्वतःच्या धर्माबद्दल बोलताना 'आपण' आणि दुसऱ्याबद्दल बोलताना 'ते लोक' हे शब्द नकळत तोंडी येतात. आपल्या धर्माचं वर्णन त्यातल्या उत्तम ग्रंथावरून आणि दुसऱ्याचं त्यातल्या वाईट बातमीवरून, ही चूकही सर्रास होते.

साध्या सवयी उपयोगी पडतात. प्रत्येक धर्माबद्दल त्या धर्माच्या माणसाला ऐकून पटेल अशा शब्दांत बोलणं. एका धर्माला लावलेला प्रश्न दुसऱ्यालाही लावणं. आणि 'सर, तुम्ही देव मानता का?' असं विचारलं गेलं तर प्रामाणिकपणे, पण 'हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं' असं जोडून सांगणं.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

शाळेत गणपती बसतो किंवा सरस्वतीपूजन होतं. हे बेकायदा आहे का?

सांस्कृतिक कार्यक्रम कुठे संपतो आणि उपासना कुठे सुरू होते, याची तयार यादी कायद्यात नाही. पण मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत तुमच्या मुलाला उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही, हे नक्की. पूर्णपणे सरकारी शाळेत तर धर्मोपदेशावरच बंदी आहे.

मला मुलाला प्रार्थनेतून किंवा धर्मशिक्षणाच्या तासातून वगळायचं आहे. काय करू?

आधी मुख्याध्यापकांना भेटा. मग संमती नसल्याचं साधं लेखी पत्र द्या, कलम २८ (३) चा उल्लेख करा आणि पोच घ्या. त्या वेळेत मूल काय करेल, हेही ठरवून घ्या. ते वर्गाबाहेर शिक्षा झाल्यासारखं उभं राहता कामा नये. शाळा ऐकत नसेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तिथेही हा विषय मांडता येतो.

इतिहासाच्या पुस्तकात इस्लाम किंवा ख्रिश्चन धर्माचा पाठ आहे. तो नको असं म्हणता येईल का?

नाही. तो अभ्यास आहे. संमतीची अट धर्मोपदेश आणि उपासना यांना लागू होते, इतिहासाच्या पाठाला नाही.

मुलाचं स्वतःचं मत वेगळं असेल तर?

आपल्या कायद्यात अल्पवयीन मुलासाठी संमती पालक देतात. मात्र भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम १४ नुसार मुलालाही विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य आहे. पालकांनी त्याच्या वाढत्या समजेनुसार मार्गदर्शन करावं, असं ती म्हणते. पंधरा वर्षांच्या मुलीला 'तुला काय वाटतं?' असं विचारायला कायद्याची वाट पाहायला नको.

इतर देशांत काय करतात?

इंग्लंडमध्ये धर्मांचा अभ्यास हा सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत सक्तीने शिकवायचा विषय आहे, पण पालक मुलाला त्यातून बाहेर काढू शकतात. म्हणजे भारताच्या उलट, तिथे नकार कळवावा लागतो. जर्मनीत बहुतेक राज्यांत धर्म हा शाळेचा नेहमीचा विषय आहे. फ्रान्सच्या बहुतेक भागांत सरकारी शाळेत धर्मोपदेश नाही, धर्म इतिहासाच्या तासाला भेटतो. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सरकारी शाळांतली सरकारप्रणीत प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. पण १९६३ च्या निकालात धर्माचा वस्तुनिष्ठ अभ्यास करायला हरकत नाही असंही सांगितलं.

शेवटी

पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की फॉरवर्ड करण्याआधी सुरुवातीचे तीन प्रश्न विचारून पाहा. शाळा सरकारी, अनुदानित की खासगी? मुलांना माहिती दिली जातेय की श्रद्धा? आणि ज्यांना नको होतं त्यांना बाजूला राहता आलं का? तीस सेकंदांच्या व्हिडिओत बहुधा यातलं एकही उत्तर नसतं.

धर्माविषयी शाळेत काहीच बोललं नाही, म्हणून मुलं त्याविषयी अजाण राहत नाहीत. ती फोनवर शिकतात, आणि तिथे शेजारच्या मुलाच्या धर्माची ओळख करून देणारा माणूस बहुतेकदा त्या धर्माचा नसतो. वर्गात तो मुलगा शेजारच्या बाकावरच बसलेला असतो. त्याच्या घरी सण कसा होतो, हे त्यालाच विचारता येतं.